कॉफीत चिमूटभर मीठ

वेलिंग्टनमध्ये घर शोधताना माझी एकच अट होती, पायऱ्या नकोत. घेतलं ते घर बासष्ट पायऱ्यांचं. नवरा म्हणाला, व्ह्यू बघ. व्ह्यू खरंच छान आहे, पण भाजीच्या पिशव्या घेऊन चढताना त्याच्याकडे माझी पाठ असते.

रस्त्यावरून एकच वाट वर चढते आणि तिच्यावर तीन घरं आहेत. सगळ्यात वरच्या घरात एक फ्रेंच बाई राहतात, सगळ्यात खालच्या घरात एक अल्जेरियन बाई, आणि मध्ये आम्ही, पुण्याचे. दोघींचे नवरे गेलेले, दोघींची मुलं ऑस्ट्रेलियात. वरच्या बाईंना सगळी गल्ली मादाम म्हणते. खालच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला खाल्ती म्हण, आमच्याकडे मावशीला तसं म्हणतात." राहायलाही खालतीच, तेव्हा लक्षात ठेवायला त्रास पडला नाही.

आम्ही आलो तेव्हा या दोघी चौदा वर्षं शेजारी होत्या आणि चौदा वर्षांत 'मॉर्निंग'च्या पुढे गेल्या नव्हत्या. मला हे बघवेना. मी पुण्याची असले तरी लोकांना घरी बोलवायची मला खोड आहे. एका रविवारी अकरा वाजता दोघींना कॉफीला बोलावलं. नवरा म्हणाला, "अगं, जरा माहिती काढ आधी. अल्जेरियावर फ्रान्सचं शंभराहून जास्त वर्षं राज्य होतं. मग मोठी लढाई झाली, खूप माणसं मेली. तू एका टेबलावर बसवणार त्यांना?"

"मी पोहेही करणार आहे," मी म्हटलं.

त्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात काय झालं ते मी अजून विसरलेले नाही. मी कॉफी दिली. मादामनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "जरा मीठ मिळेल?" मला वाटलं पोह्यांना हवंय. मिठाचं भांडं पुढे केलं, तर त्यांनी चिमूटभर मीठ कॉफीत टाकलं आणि ढवळलं. माझ्या हातच्या कॉफीला आजवर बरीच नावं ठेवली गेली आहेत, पण ही पायरी कुणी गाठली नव्हती. मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला.

आणि तेवढ्यात खाल्तींनी हात लांब करून तेच भांडं ओढलं आणि आपल्याही कपात चिमूट टाकली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग खाल्तींनी फ्रेंचमध्ये एकच शब्द विचारला, तो मलासुद्धा समजला. "ओरान?"

ओरान हे अल्जेरियातलं समुद्राकाठचं शहर. तिथलं नळाचं पाणी पूर्वी मचूळ असायचं, बोअरच्या पाण्यासारखं. तिथे जन्मलेल्या माणसाची जीभच तशी तयार झालेली. दुसऱ्या गावी गेलं की गोड्या पाण्याची कॉफी त्यांना पाणचट लागते, म्हणून हे मीठ. खाल्ती तिथल्याच. आणि आजवर सगळ्यांना 'मी फ्रान्समधल्या मार्सेची' असं सांगणाऱ्या मादामही तिथल्याच. तिथे जन्मल्या, आणि देश स्वतंत्र झाला तेव्हा दहा वर्षांच्या असताना आईबरोबर एका बोटीत बसून निघून आल्या. लाखो फ्रेंच लोक तसे महिन्या-दोन महिन्यांत निघून गेले होते. परत कधी जाणं झालं नाही.

त्या दिवशी दोघी साडेतीन तास बोलल्या. फ्रेंचमध्ये. मला एक अक्षर कळलं नाही आणि माझे पोहे गार झाले, पण मी इतकी खूश होते की नवऱ्याला दिवसभर ऐकवत होते, "बघितलंस? माहिती काढून काय होतं? बोलवावं लागतं."

मग दर रविवारी अकरा हा नेम झाला. नवऱ्याने आमच्या घराला दूतावास म्हणायला सुरुवात केली. तो आयटीतला माणूस, जोक एकदा चालला की वर्षभर चालवतो.

दोनेक वर्षं गेली. मादामच्या डोळ्यांना काहीतरी झालं. समोर बघितलं की मधोमध एक राखाडी डाग दिसायचा, कडेने मात्र नीट दिसायचं. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघायच्या, म्हणजे मी त्यांना दिसायचे. इंजेक्शनं चालू होती, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे थोडं थोडं वाढतच जाणार. एका रविवारी त्या इंग्रजीत बोलल्या, बहुधा मलाही कळावं म्हणून. "मला आमचं ओरानचं घर एकदा बघायचं आहे. आता विमानाने जाणं व्हायचं नाही. पण थोडं दिसतंय तोवर एखादा फोटो तरी."

खाल्ती लगेच म्हणाल्या, "माझा भाऊ आहे ना तिथे! दातांचा डॉक्टर आहे, शनिवारी मोकळा असतो. रस्ता सांग, नंबर सांग. फोटो काय, तो फोन घेऊन जिना चढेल." मादामनी पत्ता लिहून दिला. डोळ्यांमुळे त्या जाड काळ्या मार्करने मोठमोठ्या अक्षरांत लिहायच्या. दोन ओळींच्या पत्त्याने अख्खा कागद भरला.

आणि त्याच आठवड्यात तिकडे दोन्ही सरकारांचं बिनसलं.

म्हणजे ते अधूनमधून बिनसतच असतं, पण या वेळी फारच. राजदूत माघारी बोलावले, अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितलं, रोज नवं निवेदन. नवरा बसमध्ये फोनवर वाचायचा आणि घरी येऊन मला सांगायचा. मी म्हणायचे, ते एकोणीस हजार किलोमीटरवर चाललंय, इथे काय फरक पडणार आहे.

रविवारी अकरा वाजता दोघी आल्या. बातम्यांवरून विषय निघाला. आधी बेतानेच चाललं होतं. मग मादाम म्हणाल्या, आणि हे नेमकं इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्या काळात ते शहर किती सुंदर होतं. काय करून ठेवलंय आता."

खाल्तींनी कप खाली ठेवला.

"तुमचा काळ," त्या म्हणाल्या. "तुमच्या काळात माझी आई तुमच्या त्या रस्त्यावर फक्त धुणी-भांडी करायला जाऊ शकत होती. मागच्या जिन्याने."

मादामचा चेहरा लाल झाला. त्या काहीतरी फ्रेंचमध्ये बोलल्या, खाल्ती त्याहून मोठ्याने बोलल्या, आणि दोन मिनिटांत एक बाई वाटेने वर निघाली आणि दुसरी खाली. मी मध्ये उप्पीटाचं पातेलं घेऊन उभी. खरं सांगायचं तर मला दोघींचाही राग आला. मादामचा जास्त. आमच्या पुण्यातही कॅम्पातले जुने बंगले बघून 'इंग्रजांच्या काळात कसं टापटीप होतं' म्हणणारे लोक आहेत, आणि तिथे कुणाला पाऊल टाकायची मुभा होती हे त्यांना आठवत नाही. पण मादाम तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, हेही डोक्यातून जात नव्हतं. आणि तो पत्ता लिहिलेला कागद माझ्या टेबलावर राहिला होता, दोघींपैकी कुणीच नेला नव्हता. मी तो फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवला.

पुढचे दोन महिने दूतावास बंद. दोघी माझ्याशी बोलायच्या, एकमेकींशी नाही. एक आपल्या दारातून वर बघून, दुसरी खाली बघून वाटेवर कुणी नाही ना याची खात्री करायची, मग कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायची. मी दोन-तीनदा मध्यस्थी करून बघितली. खाल्ती म्हणाल्या, "तिने आधी बोलावं." मादाम म्हणाल्या, "ती ऐकायच्या मनःस्थितीत नाही." नवरा म्हणाला, "नॉन-अलाइन्ड राहा." मी त्याला म्हटलं, बाहेर जा आणि डबे आत आण, वाऱ्याने आडवे पडलेत.

तेवढ्यात मादामची पुढची तपासणी झाली. चार दिवसांनी मला त्यांनी माझ्या जॅकेटच्या रंगावरून ओळखलं, चेहऱ्यावरून नाही. फोटोची गोष्ट आता लांबवून चालणार नव्हतं, आणि ती हलवणं माझ्या हातात नव्हतं.

आता माझी चूक सांगते.

आमच्या घरात एक नियम आहे, आईकडून आलेला. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसेल तर त्यात चमचाभर साखर घालायची, पण रिकामं द्यायचं नाही. न्यूझीलंडला आल्यावर मी सगळं सोडलं, उपास सोडले, कुळाचार सोडले, पण हे काही सुटेना. त्या आठवड्यात खाल्तींनी मला एक निळी बशी भरून मकरूत पाठवले होते. मकरूत म्हणजे रव्याच्या तळलेल्या वड्या, आत खजूर, वरून मध आणि संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास. आणि मादामनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून कडू संत्र्यांच्या मुरंब्याच्या दोन बरण्या दिल्या होत्या. एक बशी, एक डबा, दोन्ही परत करायचे होते.

ऑफिसात आमची नवी सिस्टिम सुरू व्हायची होती आणि मी त्यात टेस्टिंगवाली, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाणारी. घरात रवा नव्हता, बेसन नव्हतं, साखरसुद्धा तळाला. बुधवारी सकाळी बस चुकायला चार मिनिटं होती. मी निळ्या बशीत मुरंब्याची एक बरणी ठेवली, वर फॉइल लावलं. पत्र्याच्या डब्यात उरलेले सहा मकरूत टाकले. बशी खाली, डबा वर, दोघींच्या दारात ठेवून मी धावत सुटले. रिकामं काही गेलं नाही, एवढंच डोक्यात होतं.

बसमध्ये बसल्यावर डोक्यात उजेड पडला. मी नवऱ्याला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "तू आत्ता दोन देशांच्या वतीने तहाचा प्रस्ताव पाठवलायस. कुणालाही न विचारता."

संध्याकाळी खाल्ती वाटेतच उभ्या होत्या. "तो मुरंबा," त्या म्हणाल्या. "तिचा ना? बरणीवरचं अक्षर तिचंच आहे."

"हो," मी म्हटलं. "तिचाच."

यात खोटं काहीच नव्हतं. तिचाच होता. खाल्ती मान हलवून आत गेल्या. पन्नास पायऱ्या वर गेल्यावर आमच्या दाराशीच मादाम भेटल्या. "डब्यात मकरूत होते. वासावरून कळलं. तिचे आहेत?"

"हो, त्यांच्याच हातचे."

मादाम माझ्या कानाकडे बघत हसल्या आणि वर आपल्या घरी निघाल्या. मी आत आले आणि नवऱ्याला म्हटलं, "मी कुणाशीही खोटं बोललेले नाही." तो म्हणाला, "सगळे राजदूत असंच म्हणतात."

मग दहा दिवस काहीच नाही. दोघीही समोरचीने पहिलं पाऊल टाकलंय म्हणून खूश, आणि दोघीही दुसऱ्या पावलाची वाट बघत बसलेल्या. माझी झोप उडाली. खरं सांगावं तर दोघी बिथरणार, न सांगावं तर हे फुगत जाणार. मी ठरवलं, रविवारी सांगायचं. मग वाटलं, पुढच्या रविवारी.

पण पाहुणचाराचे नियम फक्त माझ्याच आईने शिकवलेले नव्हते. शनिवारी सकाळी मी भांडी घासत होते आणि खिडकीतून बघितलं तर खाल्ती वर चढत होत्या. डोक्यावर चांगला स्कार्फ, हातात मुरंब्याची तीच बरणी, घासूनपुसून लख्ख, आणि त्यात गच्च भरलेले ऑलिव्ह. त्यांच्याकडेही भांडं रिकामं परत करत नाहीत. माझ्या हातातला कप सिंकमध्ये पडला.

पाच मिनिटांनी दोघी खाली उतरताना दिसल्या. एक पुढे, एक मागे. थेट माझ्या दारात.

"मी मुरंब्याबद्दल हिचे आभार मानायला गेले," खाल्ती म्हणाल्या, "तर ही म्हणते, मी पाठवलाच नाही. आणि मला म्हणते, मकरूतबद्दल आभार. मी तर ते तुला दिले होते."

मी सगळं सांगितलं. आईचा नियम, संपलेली साखर, चार मिनिटांत येणारी बस, सगळं. सांगताना माझं मलाच इतकं खुळ्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. नवरा हॉलमधून ऐकत होता आणि पहिल्यांदाच त्याला जोक सुचला नाही.

मादामनी दाराच्या चौकटीला हात टेकवला आणि म्हणाल्या, "मी रोज एक मकरूत खाल्ला. सहावा खाल्ला नाही, अजून ठेवलाय. मला वाटलं, तू पाठवलेस, म्हणजे मला सांगायची संधी दिलीस. तू पाठवले नसलेस तरी सांगते. मी 'आमचा काळ' म्हणाले. मी दहा वर्षांची होते. तो काळ कुणाचा होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे, तरी बोलून गेले. मला माफ कर."

हे त्या इंग्रजीत म्हणाल्या, माझ्यादेखत. त्यांना फ्रेंचमध्ये म्हणता आलं असतं.

खाल्तींनी ऑलिव्हची बरणी माझ्या ओट्यावर ठेवली. फ्रिजजवळ गेल्या, मॅग्नेट काढला आणि पत्त्याचा कागद हातात घेतला. "आज शनिवार आहे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी आठ वाजता तिथे सकाळचे आठ वाजतील."

संध्याकाळी आठला चांगला उजेड होता. नवऱ्याने टॅबलेट टेबलावर उभा केला. मादाम टॅबलेटकडे तिरक्या बसल्या, म्हणजे डोळ्याच्या कडेने चित्र पकडता येईल. खाल्तींचा भाऊ फोन हातात घेऊन रस्त्यावरून चालत होता आणि फ्रेंचमध्ये धापा टाकत बोलत होता. हिरव्या झडपांच्या खिडक्या दिसल्या, जिना दिसला. तिसऱ्या मजल्यावर त्याने दार वाजवलं. एका बाईने उघडलं. त्याने काय सांगितलं कोण जाणे, पण ती हसली आणि त्याला आत घेतलं. मादाम सांगत होत्या, डावीकडे वळ, आता उजवीकडे, आता स्वयंपाकघर. तो वळत होता. खिडकीतून पूर्वी समुद्र दिसायचा म्हणे, आता समोर इमारत आहे. मादामचा एक हात खाल्तींच्या मनगटावर होता आणि तो कधी गेला तिथे ते मी बघितलं नव्हतं.

मग त्या घरातल्या बाईने भावाला कॉफी दिली. आपल्याकडे जसं दारात आलेल्या माणसाला तसं जाऊ देत नाहीत, तसंच. मादाम एकदम पुढे झुकल्या आणि काहीतरी विचारलं. तिकडे हशा पिकला. खाल्ती माझ्याकडे वळून इंग्रजीत सांगायला लागल्या.

"हिने विचारलं, मीठ घातलंय का त्यात? ती बाई म्हणते, मीठ कशाला? इथलं पाणी कितीतरी वर्षांपूर्वीच गोडं झालं."

कॉल संपला. मादाम अजून तशाच तिरक्या बसल्या होत्या, बंद टॅबलेटकडे बघत. मग म्हणाल्या, "साठ वर्षं मी त्या पाण्यासाठी मीठ घालतेय. आणि तिथे कुणाला आठवतसुद्धा नाही." मग खाल्तींकडे वळून विचारलं, "तू तर मधे जाऊन आलीस. तुला माहीत होतं?"

"होतं," खाल्ती म्हणाल्या.

"मग तू का घालतेस?"

खाल्ती उठल्या. मी सगळ्यांसाठी केलेल्या कॉफीचे कप ओट्यावर तसेच होते. त्यांनी मिठाचं भांडं घेतलं, एका कपात चिमूट टाकली, दुसऱ्यात टाकली, ढवळली आणि एक कप मादामच्या हातात नीट धरवून दिला. "माझ्या आईची कॉफी अशी लागायची," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचीही."

मादामनी कप दोन्ही हातांत धरला आणि रडल्या. खाल्तीही रडल्या. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि मला न विचारता त्यांनी माझ्याही कपात एक चिमूट टाकली.

मी प्यायले. आयुष्यात इतकी वाईट कॉफी मी प्यायलेली नाही. पण शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि कप खाल्तींच्या हातात दिला. रिकामा.